सोळा भाज्यांचा नैवेद्य आणि जालन्याचा बाजार

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या घरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर त्यांना निरोप दिला जातो. पुण्याकडे आणि कोकणात ज्यांना गौरी म्हणतात, त्यांनाच मराठवाड्यात आपण महालक्ष्म्या म्हणतो. ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी भगिनी माहेरपणाला आलेल्या असतात आणि तीन दिवस साऱ्या घराचे चित्त त्यांच्या आदरातिथ्यात गुंतलेले असते. पहिल्या दिवशी साधी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा महानैवेद्य, तिसऱ्या दिवशी खीर-कानवले, असा हा क्रम घरोघरी थोड्याफार फरकाने पाळला जातो. या व्रताच्या धार्मिक अंगाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्हांस वाचकांचे लक्ष त्याच्या एका निराळ्या अंगाकडे वेधावयाचे आहे. ते अंग म्हणजे नैवेद्याच्या ताटातील पदार्थ देवघरापर्यंत येतात कोठून आणि कोणाच्या हातून, हे होय.

महालक्ष्मीच्या पूजेत सोळा या संख्येस मोठा मान आहे. सोळा पदरांचा दोरा, पुरणाचे सोळा दिवे आणि सोळा भाज्या. भेंडी, गवार, दोडका, पडवळ, कारले, घोसाळे, तोंडली, दुधी, तांबडा भोपळा, वाळूक, चवळीच्या शेंगा, अंबाडी, मेथी, चुका, शेपू, अळू, अशी ही यादी घरागणिक थोडी बदलते. परंतु संख्या मात्र सहसा कोणी कमी करीत नाही. यातील मर्म असे की, एवढ्या भाज्या कोणाही एका शेतकऱ्याच्या वावरात वा कोणाही एका गृहस्थाच्या परसात एकाच वेळी मिळणे दुरापास्त आहे. चार विकत घ्याव्या लागतात, दोन शेजारणीकडून येतात, एखादी डोंगरातून कोणी आणून दिली तर मिळते. आपल्या पूर्वजांनी ही संख्या ठरविताना काय योजिले होते, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु तिचा परिणाम स्पष्ट दिसतो. हा नैवेद्य एकट्याच्या बळावर सिद्ध होत नाही. त्यासाठी गृहिणीला उंबरठा ओलांडून बाजारात यावेच लागते.

आणि बाजार म्हटला की जालन्याचे नाव निघालेच पाहिजे. ‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. १ मे १९८१ रोजी हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून ही एक नामांकित पेठ होती. कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना आणि दुसऱ्या तीरावर कादराबाद व सदर बाजार, अशी या नगराची ठेवण. निजामाच्या अमदानीत येथे फौजेची छावणी होती. पुढे मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग आला आणि मोंढ्यातील धान्य, कापूस व गूळ दूरदूर जाऊ लागला. जेथे माल जातो तेथे माणसे येतात आणि माणसे आपली चूल बरोबर घेऊन येतात. राजस्थानातून मारवाडी आले, गुजरातेतून व्यापारी आले, तेलंगणातून विणकर आले. फाळणीनंतर आपले घरदार सिंधमध्ये सोडून सिंधी कुटुंबे आली. मुसलमान बागवान, तांबोळी आणि मणियार तर येथलेच, पिढीजात. या सर्वांच्या चुली जालन्याच्या रस्त्यांवर एकमेकींशेजारी पेटलेल्या आहेत.

सकाळच्या प्रहरी या नगराच्या रस्त्यांवरून फिरणाऱ्यास हे वेगळे सांगावे लागत नाही. एका गाडीवर वाफाळलेले पोहे, शेजारच्या कढईत जिलबीची वेटोळी. पलीकडे मारवाडी धाटणीची कचोरी आणि तिच्यावर आंबटगोड चटणी. थोडे पुढे गेले की मुरमुऱ्यांची सुशीला, जी मराठवाड्याबाहेर फारशा कोणास ठाऊक नाही. आमच्याकडे मात्र न्याहारी म्हटली की तिचे नाव हमखास निघते. कोठे इडली आहे, कोठे दाल-पकवान आहे, तर कोठे तव्यावर थापलेले धपाटे आणि त्यावर दह्याचा गोळा. रमजानच्या महिन्यात याच रस्त्यांवर खजुरांच्या आणि शीरखुर्म्याच्या शेवयांच्या राशी लागतात. आषाढी एकादशीस आनंदी स्वामींच्या मंदिराच्या यात्रेत रेवड्या, बत्तासे आणि गोडीशेव यांची दुकाने मांडली जातात. दिवाळीच्या आधी गृहिणी पीठ, तूप आणि साखर घेऊन बेकरीत जातात आणि नानकटाई भाजून आणतात. ती भट्टी कोणत्या धर्माच्या माणसाची आहे, हा प्रश्न त्या नानकटाईचा घास घेताना कोणासही पडलेला नसतो.

आता हाच बाजार महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी पाहावा. बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड या बाजूंच्या खेड्यांतून भल्या पहाटे निघालेल्या शेतकरी बाया पालेभाजीच्या जुड्या ओल्या गोणपाटावर मांडून बसतात. कोणाकडे पावसाळ्यात डोंगरउतारावर उगवणारी कटुर्ली असतात, कोणाकडे केवळ अळूची पाने. बागवानाच्या गाडीवर केळी आणि मोसंबी. या मोसंबीस २०१६ साली जालन्याच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपणांस ठाऊक असेल; परंतु २०१२-१३ च्या भीषण दुष्काळात याच मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, हेही विसरता कामा नये. आंबे बहाराचे जे फळ आज देवीपुढे ठेवले जाते, त्यामागे कोणीतरी टँकरच्या पाण्यावर जगविलेले झाड असू शकते.

भेंडीसारख्या साध्या भाजीस तर जालन्यात एक स्वतंत्र इतिहास आहे. येथील बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेकडून ‘पुसा सावनी’ या रोगप्रतिकारक भेंडीचे बियाणे आणून जालन्यात लावले. त्यातूनच पुढे १९६४ मध्ये ‘महिको’ ही बियाणे कंपनी उभी राहिली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्या सोळा भाज्यांपैकी एकीचे धागे असे जगाशी जोडलेले आहेत. हळदकुंकवाचे पुडे, सुताची गुंडी, फुलांचे गजरे, केळीचे खांब, काचेच्या बांगड्या, पुरणासाठी मोंढ्यातील हरभऱ्याची डाळ आणि गूळ, देवीपुढे मांडावयाच्या राशींचे गहू आणि ज्वारी, हे सारे ज्या हातांनी आपल्यापर्यंत येते, त्या हातांची गणना केली तर ती सोळांवर थांबणार नाही. अठरापगड जाती आणि चार-पाच धर्म मिळून एका घरची महालक्ष्मी जेवू घालतात, असे म्हटले तर त्यात तिळमात्र अतिशयोक्ती होणार नाही.

असे असता अलीकडे या रस्त्यावरच्या बाजाराकडे पाहण्याची आपली दृष्टी निवळ राहिलेली नाही, असे खेदाने नमूद करावे लागते. तीन प्रकारचे आक्षेप आमच्या कानी येतात. पहिला सोवळ्याचा. देवाच्या ताटातील वस्तू अमक्याच्या हातची घ्यावी, तमक्याच्या हातची घेऊ नये, असे बोलणे काही ठिकाणी उघडपणे ऐकू येते. दुसरा आक्षेप सोयीचा. तयार पुरण, तयार करंज्या आणि चिरून पिशवीत भरलेल्या ‘सोळा भाज्या’ दुकानात मिळत असताना चिखलातून कशाला फिरावे? आणि तिसरा नगररचनेचा. हातगाड्यांनी रस्ते अडतात, घाण होते. सबब त्या उठवाव्यात.

पहिल्या आक्षेपास आमचे उत्तर आपल्याच धर्मग्रंथांत आहे. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. हा इतका निश्चल उभा राहिला की त्याच्या जटांत पाखरांनी घरटे केले, पिले झाली आणि ती उडून गेली, तरी हा हलला नाही. आपल्यासारखा धर्मज्ञ दुसरा नाही, असा त्यास गर्व झाला. तेव्हा त्याला सांगण्यात आले की, वाराणसीच्या तुलाधाराची बरोबरी तुला करता येणार नाही. हा तुलाधार कोण? तर बाजारात बसून रस, सुगंधी द्रव्ये आणि वनस्पती विकणारा एक दुकानदार. त्याची सारी तपश्चर्या एवढीच की, त्याच्या तराजूची दांडी कोणासाठीही इकडेतिकडे झुकत नसे. वनपर्वातील कौशिक ब्राह्मणाची कथा तर याहून पुढे जाते. आधी एका पतिव्रता गृहिणीने त्याचे डोळे उघडले आणि नंतर तिनेच त्याला मिथिलेच्या बाजारात बसलेल्या धर्मव्याधाकडे धर्म शिकण्यासाठी पाठविले. कोठे तप करणारा विप्र आणि कोठे मांस विकणारा व्याध! परंतु व्यासांनी धर्माचे रहस्य त्याच्याच मुखातून वदविले. आपल्या संतपरंपरेतील सावता माळी यांनी तर मळ्यातील भाजीतच विठ्ठल पाहिला. ही परंपरा ज्यांची आहे, त्यांनी विक्रेत्याच्या आडनावावरून वस्तूची शुद्धता ठरवावी, हे शोभत नाही. शुद्धता पाहावयाचीच तर ती तराजूची पाहावी, पाण्याची पाहावी, मालाची पाहावी.

कारण तेथे पाहण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ते न पाहिल्याने काय होते याचा अनुभव आपल्या आसमंताने घेतलेला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या मंठा तालुक्यास लागून असलेल्या लोणार तालुक्यातील सोमठाणा या गावी एकादशीच्या दिवशी भगर आणि आमटीचा प्रसाद घेतलेल्या शेकडो भाविकांना विषबाधा झाली. रुग्णांना ठेवण्यास जागा पुरेना, तेव्हा उघड्यावर दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या लावाव्या लागल्या. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यातही असाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला. भगरीस ओल लागली की तिच्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि त्या बुरशीतून विषारी द्रव्ये तयार होतात, असे अन्न व औषध प्रशासनाने वेळोवेळी सांगितले आहे. भगरीचे पीठ फार दिवस साठवू नये, सुटे पीठ विकत घेऊ नये, भगर निवडून व स्वच्छ धुऊन घ्यावी, आणि शिजवलेली भगर फार काळ ठेवू नये, ही त्यावरची साधी पथ्ये आहेत. लवकरच नवरात्र येईल. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या दर्शनास लोक लोटतील, नऊ नऊ दिवसांचे उपवास घरोघरी होतील. उपवासाचे पुण्य पदरी पडण्याआधी इस्पितळाची वाट धरावी लागू नये, यासाठी ही पथ्ये प्रत्येक माउलीने आपल्या स्वयंपाकघरात पाळावीत, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

दुसऱ्या आक्षेपाविषयी आम्ही फार कठोर होऊ इच्छीत नाही. आज अनेक घरांत सून नोकरीस जाते, सासूचे गुडघे दुखतात, घरात माणसे दोन. अशा घराने तयार पुरण आणले तर महालक्ष्मी रुसणार नाही. परंतु ज्यांना शक्य आहे त्यांनी निदान भाज्या तरी रस्त्यावर बसलेल्या बाईकडून घ्याव्यात. कारण पिशवीतल्या भाजीस चेहरा नसतो. ‘बाई, यंदा कटुर्ली लवकर संपली, पाऊसच खंडला,’ हे वाक्य पिशवी बोलत नाही. कोणती भाजी कोणत्या महिन्यात येते, अंबाडीचा आंबटपणा कसा मारावा, अळू घशाला खाजू नये म्हणून काय घालावे, हे ज्ञान कोणत्याही ग्रंथापेक्षा या बाजारात अधिक सुरक्षित राहिले आहे. आपल्या मुलींना ते मिळावे असे वाटत असेल तर त्यांना वर्षातून एकदा तरी पिशवी देऊन बरोबर न्यावे.

तिसरा आक्षेप खोटा नाही. रस्ता अडतो, सडलेला भाजीपाला गटारात जातो, रोगराई पसरते. परंतु त्यावर उपाय उठवणे हा नसून बसवणे हा आहे. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची गणना व्हावी, त्यांना प्रमाणपत्रे द्यावीत, गणना पूर्ण होईपर्यंत कोणास उठवू नये, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत व त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. जप्त केलेला नाशवंत माल विक्रेत्याने मागितल्यास त्याच दिवशी परत करावा, अशीही तरतूद आहे. संध्याकाळपर्यंत कोमेजणाऱ्या मेथीच्या जुडीची कायद्याने ठेवलेली ही कदर आम्हांस विशेष वाटते. पन्नास वर्षांहून अधिक काळ जेथे बाजार भरत आला आहे, त्या जागी वारसा बाजार म्हणून विक्रेत्यांना अभय द्यावे, असेही हाच कायदा सांगतो. जालन्यातील किती जागा या कसोटीस उतरतील, याचा विचार नागरिकांनीच करावा.

२०२३ साली जालन्याची नगरपालिका जाऊन महानगरपालिका झाली. नावातला ‘महा’ नुसता पाटीवर राहू नये. बसण्यास ओटे, डोक्यावर छत, पिण्याचे स्वच्छ पाणी, संध्याकाळी दिवे, कचऱ्याची नियमित उचल आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, एवढ्या सहा गोष्टी प्रत्येक बाजारास मिळाव्यात, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. पहाटे गावाहून निघालेली बाई दिवसभर पाणी पिण्याचे टाळते, कारण जाण्यास जागा नसते. तिच्या हातची भाजी आपण लक्ष्मीला वाहतो आणि त्या लक्ष्मीस्वरूप बाईची ही दशा मात्र आपल्या नजरेस पडत नाही. या विसंगतीचे आम्हांस सर्वाधिक दुःख होते.

विक्रेत्यांसही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. सणाच्या आदल्या दिवशी भाव वाढणार हे सर्वांनाच मान्य आहे. परंतु मापात मारू नये. वजनकाटा प्रमाणित असावा. भाजी ताजी दिसावी म्हणून गटाराशेजारच्या नळाचे पाणी शिंपडू नये. मिठाईवर भडक रंग नको आणि भजी तळण्याचे तेल काळे पडेपर्यंत वापरणे नको. गरम पदार्थ छापील कागदावर देऊ नयेत, कारण शाईतील द्रव्ये अन्नात उतरतात, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अनेकदा बजावले आहे. आमचे हे वर्तमानपत्रही त्या कागदात मोडते. ते वाचावे, परंतु त्यात भजी बांधू नयेत. खाद्यपदार्थ विकणाऱ्याने आपली नोंदणी करून घ्यावी. ती करण्यात कमीपणा नाही. उलट गिऱ्हाइकाचा विश्वास त्याने वाढतो. तुलाधाराची गादी आजही रिकामी आहे. तिच्यावर बसण्यास कोणत्याही जातीची वा पंथाची आडकाठी नाही.

आणि शेवटी आपल्या वाचक कुटुंबांकडे आमचे मागणे आहे. यंदा महालक्ष्म्यांचा बाजार करताना चार गोष्टी कराव्यात. पाच रुपयांच्या जुडीवर दोन रुपयांची घासाघीस करू नये; मोठ्या दुकानात छापील किंमत निमूटपणे देणाऱ्या हातांनी म्हातारीच्या टोपलीशी ताठरपणा दाखविणे बरे नव्हे. कापडी पिशवी घरून न्यावी. कोणाकडून घेतो यापेक्षा काय घेतो हे डोळसपणे पाहावे. आणि पूजेनंतर देवीचा प्रसाद, निदान पुरणाचा एक घास, ज्यांच्याकडून भाजी, फुले, फळे घेतली त्यांपैकी एखाद्याच्या घरी पोहोचवावा. सवाष्ण, ब्राह्मण, कुमारिका यांना आपण जेवू घालतोच; परंतु नैवेद्य ज्यांच्या कष्टाने सिद्ध झाला त्यांना त्या ताटातला वाटा मिळणे, हा आम्हांस तितकाच शास्त्रशुद्ध व्यवहार वाटतो.

समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हे याच जिल्ह्यातले. त्यांची शिकवण प्रपंच टाकून देण्याची नव्हती, तो सावधपणे आणि नेटाने करण्याची होती. बाजार हा प्रपंचाचाच भाग आहे, आणि तो नीट चालविणे हेही धर्माचरणच आहे. मूळ नक्षत्रावर निरोप देताना आपण देवीला मुरडीचा कानवला अर्पण करतो, ती पुन्हा या घराकडे वळावी म्हणून. पुढच्या भाद्रपदात ती येईल तेव्हा तिला सोळा भाज्या मिळाव्यात, त्या पिकविणारा शेतकरी सुखी असावा, विकणारी बाई ओट्यावर सावलीत बसलेली असावी आणि जालन्याच्या रस्त्यांवर आजच्याप्रमाणेच सर्वांच्या चुली शेजारी शेजारी पेटलेल्या असाव्यात, एवढीच ज्येष्ठा-कनिष्ठांच्या चरणी आमची प्रार्थना आहे. सर्व वाचकांस महालक्ष्मीच्या सणाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.